पेसमेकरच्या कागदावरचे आकडे रुग्णाला समजावून सांगा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दारव्हा तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका खेड्यातून हे पत्र लिहितो आहे. वय ६८. एस.टी.त आधी वाहक होतो, शेवटची चौदा वर्षं वाहतूक नियंत्रक. मार्च २०१९ पासून माझ्या छातीत डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली पेसमेकर आहे. यंत्राबद्दल माझी काहीच तक्रार नाही, ते नसतं तर हे पत्र लिहायला मी नसतो. मला बोलायचं आहे ते तपासणीनंतर हातात पडणाऱ्या कागदावरच्या दोन आकड्यांबद्दल. त्यांचा अर्थ वेळेवर कुणी सांगितला नाही आणि त्यापायी आमच्या गोठ्यातली बैलजोडी विकली गेली.

पेसमेकर का बसला ते थोडक्यात सांगतो. हरभरा सवंगताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि धुऱ्यावरच पडलो. नाडी ३६ भरली. नागपूरला चोवीस तास छातीला यंत्र लावून ठोक्यांची नोंद घेतली, तेव्हा मधेच चार-चार सेकंद ठोकाच पडत नाही असं निघालं. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात ठोक्याची सुरुवात करणारी गाठ असते, ती माझी मंदावली होती. तिथून खालच्या कप्प्यांकडे निरोप नेणारी वाट मात्र शाबूत होती. ही दुसरी गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचंच काम पडणार आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत खर्च बसला आणि दोन वायरींचा पेसमेकर बसवला. एक वायर वरच्या कप्प्यात, एक खालच्या.

तेव्हापासून दरवर्षी दिवाळी झाली की नागपूर. पहाटेच्या गाडीने यवतमाळ, तिथून कळंब, देवळी, वर्धा करत पुढे. जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटरच्या वर प्रवास, आणि तपासणी पाच-सहा मिनिटांची. २०२४ च्या नोव्हेंबरात गेलो तेव्हाही तसंच झालं. खोलीत यंत्र तपासणारा मुलगा बसला होता. त्याने छातीवर चकती ठेवली, पडद्यावर काही पाहिलं, त्रास आहे का विचारलं. मी नाही म्हणालो. कागद निघाला. "सगळं ठीक आहे, वर्षभराने या." बाहेर चाळीस-पन्नास माणसं खोळंबली होती, त्या एकट्या मुलाला दोष द्यायला माझं मन घेत नाही.

बाहेरच्या बाकावर बसून मी कागद वाचला. सगळा जन्म लॉगशीट तपासण्यात गेला, कागद न वाचता घडी घालायची सवय नाही. मागच्या वर्षीचा कागद पिशवीत होताच. त्यावर वरच्या कप्प्यातलं पेसिंग, म्हणजे यंत्राने दिलेले ठोके, २२ टक्के आणि खालच्या कप्प्यातलं १ टक्का होतं. नव्या कागदावर वरचं ७१, खालचं ३८. बॅटरी मागच्या वर्षी सात वर्षं पुरेल असं होतं, आता पाच. म्हणजे एका वर्षात दोन वर्षं गेली. मी पुन्हा आत जायला निघालो तर नंबर पुकारणाऱ्याने "काका, तुमचं झालं ना" म्हणून बाजूला केलं. यवतमाळची गाडी पकडायची होती, निघालो.

घरी पोचलो तर ओसरीवर चार माणसं वाट पाहत बसलेली. साळभाऊंनी कागद हातात घेतला आणि म्हणाले, "एकाहत्तर अन् अडतीस म्हंजे एकशे नऊ झाले ना जी? शंभराच्या वर कसं गेलं?" कुणालाच उत्तर देता आलं नाही. शेजारचे आबाजी म्हणाले, "म्हंजे आता एकाहत्तर टक्के मशीनच हाय. माणूस एकोणतीसच उरला." मग कुणाच्या तरी हाती त्याच दिवशी काढलेल्या इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, कागद लागला. त्यावर हृदयाचा पंप ६२ टक्के असं लिहिलं होतं. शंभरातून बासष्ट गेले की अडतीस उरतात, आणि खालच्या कप्प्यासमोरही अडतीसच. "पाहा, अडतीस टक्के गेलं हृदय. दोन्ही कागदांवर तेच हाय." हिशेब जुळला, आणि जुळलेला हिशेब खोडणारं ओसरीवर कुणी नव्हतं. मीही नव्हतो.

आमच्या मंडळींनी, म्हणजे सौभाग्यवतींनी, त्या रात्री जेवण केलं नाही. पुण्याहून मुलाचा फोन आला, बाबा, आता शेती बंद. हरभऱ्यासाठी तयार केलेलं वावर बटईने दिलं. दुसऱ्या आठवड्यात बैल बाजारात नेले. त्यांची शिंगं पोळ्याला मीच रंगवली होती, रंग अजून पुरता उतरला नव्हता. मी दावणीपाशी उभा राहिलो तर सूनबाई म्हणाली, "मामाजी, तुम्ही आत व्हा, जिवाले त्रास करून घेऊ नोका." ते बैल आज कुठे आहेत मला ठाऊक नाही.

त्यात मी एक चूक केली, ती सांगितलीच पाहिजे, कारण दुसऱ्या कुणाच्या जिवावर बेतू शकते. फेब्रुवारी २०२४ पासून तालुक्याच्या डॉक्टरांनी मला मेटोप्रोलॉलची गोळी सुरू केली होती. बीपी वाढलं होतं आणि मधूनमधून छातीत धडधड व्हायची. ही गोळी ठोके कमी करते असं मी कुठेतरी ऐकलं आणि डिसेंबरात कुणालाही न विचारता बंद केली. मनात हे की गोळी बंद झाली तर यंत्राचं काम कमी होईल. चौथ्या दिवशी बीपी १८० वर आणि धडधड अशी की पाठ टेकवेना. डॉक्टर रागावले, आणि ते रागावले ते बरोबरच होतं. ही गोळी एकाएकी बंद करायची नसते, कमी करायची तर डॉक्टर पायरीपायरीने करतात.

संक्रांतीनंतर नागपूरच्याच दुसऱ्या एका दवाखान्यात एका तरुण डॉक्टर बाईंची गाठ पडली. त्यांनी दोन्ही वर्षांचे कागद शेजारी ठेवले, गोळ्यांची चिठ्ठी मागितली आणि वीस मिनिटं दिली. त्या जे बोलल्या ते मी माझ्या धंद्याच्या भाषेत मांडतो, कारण मला ते तसंच समजलं.

पेसमेकर सतत ठोके देत बसत नाही. तो आधी वाट पाहतो. समजा, आगाराला हुकूम आहे की तासाला एक गाडी सुटलीच पाहिजे. नियमित गाडी तासाच्या आत आली तर काहीच करायचं नाही. तास उलटला आणि गाडी नाही, तर जादा गाडी सोडायची. आपला ठोका वेळेत पडला की यंत्र गप्प राहतं, नाही पडला तर ते हलकासा विजेचा स्पंद देतं. कागदावरची टक्केवारी म्हणजे एकूण फेऱ्यांत जादा गाड्या किती, याचा हिशेब. नियमित गाड्यांची इंजिनं कशी आहेत, हे त्या हिशेबातून कळत नाही. ते इको सांगतो. पंपाचे ६२ टक्के म्हणजे भरलेल्या रक्तातलं किती रक्त एका ठोक्याला बाहेर ढकललं जातं ते, आणि निरोगी माणसाचाही आकडा साधारण ५५ ते ७० च्या दरम्यान असतो. शंभर कुणाचाच नसतो. म्हणजे माझा पंप उत्तम होता आणि आमच्या ओसरीवर त्याच आकड्यावरून माझं सुतक धरलं जात होतं.

१०९ चं कोडंही सुटलं. वरचा कप्पा आणि खालचा कप्पा यांच्या नोंदवह्या वेगळ्या. दोघांच्या आकड्यांची बेरीज करायचीच नाही. कागदावर खाली चार ओळी असतात: दोन्ही ठोके स्वतःचे, वरचा स्वतःचा आणि खालचा यंत्राचा, वरचा यंत्राचा आणि खालचा स्वतःचा, दोन्ही यंत्राचे. माझ्या त्या चार ओळींत २४, ५, ३८ आणि ३३ होते. त्यांची बेरीज १०० येते.

आता आकडा वाढला का, ते सांगतो. बाईंनी विचारलं, "काका, २०२३ च्या तपासणीत तुम्ही काही त्रास सांगितला होता का?" सांगितला होता. टेकाडावरच्या वावरात चढताना दम लागतो, एवढंच म्हणालो होतो. त्या दिवशी यंत्र तपासणाऱ्याने दोन बदल केले होते. कमीत कमी ठोके मिनिटाला ५० होते ते ६० केले, आणि अंगाच्या हालचालीवरून ठोके वाढवणारी सोय सुरू केली. माझ्या भल्यासाठीच केले. दम खरंच कमी झाला, पण तो कशाने कमी झाला ते मला वर्षभर ठाऊक नव्हतं. आता हिशेब पाहा. मिनिटाला ५० चा हुकूम म्हणजे यंत्र १.२ सेकंद थांबणार, ६० चा म्हणजे एकच सेकंद. माझा स्वतःचा ठोका बसल्या जागी मिनिटाला ५५ च्या आसपास, म्हणजे सुमारे १.०९ सेकंदाने पडायचा. पहिल्या हुकमात तो वेळेवर होता, दुसऱ्या हुकमात तोच ठोका उशिराचा ठरला. गाठ तीच, वेग तोच, वेळापत्रक बदललं आणि जादा गाड्या वाढल्या. वरचा आकडा २२ वरून ७१ झाला त्यातला मोठा वाटा ह्याचा.

हालचाल ओळखणाऱ्या सोयीबद्दल बाईंनी आणखी एक विचारलं, ते मला फार मोलाचं वाटलं: "ट्रॅक्टरवर बसता का? रस्ता कसा आहे गावचा?" छातीतल्या यंत्राला हादरा कळतो, तो पायांनी चालल्याचा की खड्ड्यांचा हे त्याला नेहमी ओळखता येत नाही. माणूस ऑटोत निवांत बसलेला असतो आणि यंत्राला वाटतं तो चालतो आहे. फाट्यापासून आमच्या गावापर्यंतचा रस्ता ज्याने पाहिला आहे त्याला मी अधिक सांगायला नको. त्यांनी ती सोय थोडी कमी जागरूक केली.

आता खालच्या कप्प्याकडे येतो. ह्याकडे खरंच लक्ष देण्यासारखं होतं आणि नोव्हेंबरात कुणीही दिलं नव्हतं. वरच्या कप्प्यातून निघालेला निरोप खाली पोचायला वेळ लागतो. यंत्र तेवढा वेळ थांबतं आणि तोवर निरोप आला नाही तर खालचा ठोका स्वतः देतं. माझ्या यंत्रात ही थांबण्याची मुदत ०.१८ सेकंद होती. पूर्वी माझा निरोप त्याच्या आत पोचायचा, म्हणून १ टक्का. मेटोप्रोलॉल गाठीला तर मंद करतंच, शिवाय ह्या वाटेवरचा निरोपही थोडा सावकाश करतं. निरोप येत होता, पण मुदत संपल्यावर. यंत्र दरवेळी क्षणभर आधी सुटत होतं. वाट बंद पडली नव्हती, रोग वाढला नव्हता.

बाईंनी एक हिशेब माझ्याकडूनच करवून घेतला. ३८ हा आकडा बारा महिन्यांची सरासरी आहे. गोळी सुरू झाली फेब्रुवारीत. पहिले तीन महिने १ टक्काच धरला तर उरलेल्या नऊ महिन्यांत आकडा निम्म्याच्या आसपास जातो. दिवसाला साधारण एक लाख ठोके पडतात, त्यातले पन्नास हजार. सरासरीच्या पोटात असं काय दडलेलं असतं ते जुन्या वाहतूक नियंत्रकाला कळायला हवं होतं. आगाराची महिन्याची सरासरी चांगली दिसते आणि बाजाराच्या दिवशी प्रवासी ताटकळलेले असतात, हे मी किती वेळा पाहिलं आहे.

खालच्या कप्प्यातलं पेसिंग जास्त झालं तर बिघडतं काय? वायरीचं टोक उजव्या खालच्या कप्प्यात असतं. तिथून ठोका सुरू झाला की उजवी बाजू आधी आकसते आणि डावी मागून. बहुतेकांना त्याने काही होत नाही, पण काही जणांचा पंप वर्षानुवर्षांच्या अशा ओढाताणीने कमजोर होतो. अमेरिकेतल्या 'मोस्ट' नावाच्या मोठ्या अभ्यासातून २००३ मध्ये हे पुढे आलं. माझ्यासारखीच गाठ मंदावलेल्या रुग्णांत, खालच्या कप्प्याचं पेसिंग ४० टक्क्यांच्या वर असलेल्यांना हृदय कमजोर होऊन दवाखान्यात भरती व्हावं लागण्याचं प्रमाण अधिक दिसलं. ४० ओलांडलं की हृदय निकामी, असा ह्याचा अर्थ कुणी घेऊ नये. पण ज्याची वाट शाबूत आहे त्याच्या खालच्या कप्प्यात यंत्राने विनाकारण लुडबूड करू नये, हे डॉक्टर पाहतात.

बाईंनी गोळी तशीच ठेवली. पेसमेकर असल्यामुळे ठोके फार कमी होण्याची भीती नाही आणि ती गोळी निर्धास्त देता येते, असंही त्यांनी सांगितलं. म्हणजे तालुक्याच्या डॉक्टरांचं काहीच चुकलेलं नव्हतं. बाईंनी फक्त थांबण्याची मुदत ०.१८ वरून ०.२५ सेकंद केली. चकती छातीवर ठेवून, एक थेंब रक्त न काढता, दोन मिनिटांत. एप्रिलमध्ये पुन्हा तपासलं. खालचं पेसिंग ३ टक्के. वरचं ६४, आणि ते तसंच राहिलं तरी हरकत नाही असं त्यांनी सांगितलं. बॅटरीचा अंदाज पाच वर्षांवरून साडेपाच झाला. तो अंदाज सध्या यंत्र किती खर्च करतं त्यावरून मांडलेला असतो, म्हणून कमीजास्त होतो. आणि बॅटरी संपत आली की यंत्र काही महिने आधीच तशी खूण देतं. मग वायरी तशाच ठेवून बहुधा फक्त डबी बदलतात. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये जगातल्या पहिल्या माणसाच्या शरीरात पेसमेकर बसवला, त्या आर्ने लार्सन यांना आयुष्यभरात २६ पेसमेकर लागले आणि ते २००१ पर्यंत, ८६ वर्षं जगले. हे मी मंडळींना वाचून दाखवलं तेव्हा किती महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला पाहिला.

पण माझ्या गोष्टीवरून कुणी असं धरून चालू नये की आकडा कमी तो चांगला. आमच्याच गावातल्या एका भाऊंची निरोपाची वाट पूर्ण बंद आहे. त्यांचं खालच्या कप्प्याचं पेसिंग पहिल्या दिवसापासून ९९-१०० आहे आणि ते सायकलीने वावरात जातात. त्यांच्यासाठी तोच आकडा योग्य, फक्त पंप ठीक आहे ना हे अधूनमधून इकोने पाहावं लागतं. माझ्या मावसबहिणीचं प्रकरण तर अगदी उलट. तिचा पंप कमजोर, म्हणून तिला तीन वायरींचं यंत्र आहे, दोन्ही खालचे कप्पे एकाच वेळी आकसावेत म्हणून. ह्या यंत्रात पेसिंग जितकं शंभराच्या जवळ तितका फायदा. तिचा आकडा ९८ वरून ८१ वर आला. घरच्यांना वाटलं हृदय सुधारलं, आता स्वतःच्या बळावर चालतं आहे, त्यांनी देवाला नारळ फोडला. प्रत्यक्षात वरच्या कप्प्यात अनियमित थरथर सुरू झाली होती. तिचे वेडेवाकडे जलद ठोके यंत्राच्या आधी खाली पोचत होते आणि यंत्राला कामच करू देत नव्हते. अशा थरथरीत रक्ताची गुठळी होऊन लकवा मारण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी तिला लगेच रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू केली. १७ टक्क्यांच्या घसरणीने ही गोष्ट उघड केली, नाहीतर तिला दम लागण्यापलीकडे काही जाणवत नव्हतं.

आणखी एक सांगून ठेवतो. टक्केवारी एकदम घसरली आणि सोबत चक्कर येत असेल तर वर्षभराच्या तपासणीची वाट पाहू नये. वायरीला तडा गेला किंवा बाहेरची वीज त्रास देत असली तर यंत्राला ती खरखर म्हणजे हृदयाचा ठोका वाटू शकतो, आणि ठोका पडला असं समजून ते गप्प बसतं. रानडुकरांसाठी आता आमच्याकडे जवळपास प्रत्येक वावराला झटका मशीनची तार आहे. मला त्या तारेला हात लावायची सक्त मनाई आहे, वेल्डिंग चालू असेल तिथेही जवळ थांबायचं नाही. हे २०१९ मध्येच कळायला हवं होतं, कळलं २०२५ मध्ये, तेही मी बोलता बोलता तारेचा विषय काढला म्हणून. तसंच, यंत्र किती स्पंद दिले ते मोजतं. प्रत्येक स्पंदाला हृदयाने साथ दिली की नाही, हे वेगळ्या चाचणीने पाहतात. जादा गाडी सुटली एवढी नोंद झाली, प्रवासी चढले का ते फलाटावर जाऊनच पाहावं लागतं.

माझी मागणी फार खर्चाची नाही. पेसमेकर तपासणाऱ्या प्रत्येक दवाखान्याने छापील इंग्रजी कागदासोबत मराठीत एक छोटं कार्ड भरून द्यावं. त्यावर पेसमेकर कशासाठी बसवला, कमीत कमी ठोके किती लावले आहेत, वरच्या आणि खालच्या कप्प्याचे आकडे मागच्या वेळी किती होते आणि आता किती आहेत, आज सेटिंगमध्ये काय बदललं, आणि ह्या रुग्णाच्या बाबतीत आकडा वाढला तर काळजीचं की कमी झाला तर, एवढं असावं. पाच ओळी. कार्ड असतं तर तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळी सुरू करतानाच नागपूरला कळवलं असतं, आणि नोव्हेंबरात ३८ पाहून तपासणाऱ्या मुलाने गोळ्यांची चिठ्ठी मागितली असती. हृदयाचे डॉक्टर गावापासून दोनशे किलोमीटरवर असतात तिथे दोन डॉक्टरांमध्ये निरोप नेणारी एकच वाट असते, रुग्णाच्या पिशवीतला कागद. तो कागद रुग्णाच्या भाषेत नसेल तर ती वाट बंदच समजा.

तोवर मी माझ्यापुरती वही केली आहे. कुठली गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली, किती केली, कधी चक्कर आली, कधी दम लागला, कोणत्या दिवशी ट्रॅक्टरवर बसलो. तपासणीच्या दिवशी वही त्यांच्यासमोर ठेवतो आणि विचारतो, आज काही बदललं का, आणि मागच्या वेळेपेक्षा फरक असेल तर तो कशामुळे. वही पाहिली की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो, असा माझा अनुभव आहे. आजूबाजूच्या गावांतले तिघे जण आपापले कागद घेऊन माझ्या ओसरीवर येऊन गेले. मी त्यांच्या आकड्यांचा अर्थ लावत नाही, तो माझा अधिकार नाही. त्यांना वही घालून देतो, मागचा-पुढचा कागद एकत्र टाचतो आणि डॉक्टरांना काय विचारायचं ते मोठ्या अक्षरात लिहून देतो.

यंदा मृगात मी पुन्हा वावरात गेलो. बैल नाहीत, पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने केली, मी धुऱ्यावर उभा होतो. मंडळी सोबत आल्या होत्या, पण घरी चला म्हणाल्या नाहीत.

सोबत मी तयार केलेल्या कार्डाचा नमुना एका डॉक्टरांकडून तपासून जोडला आहे. आपल्या अंकात जागा झाली तर तो छापावा, म्हणजे वाचकांना कापून पिशवीत ठेवता येईल.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)